स्कूबा इन्स्ट्रक्टर व्हायचंय? कोणती संस्था, कोणता कोर्स, किती वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इन्स्ट्रक्टर होण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न संस्थेबद्दल असतो. माझ्या मते तो तिसरा-चौथा असायला हवा, त्यामुळे प्र. ३ कोणीही वगळू नये. आकडे मुख्यतः पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचे दिले आहेत, कारण विचारणा त्यांच्याबद्दलच जास्त होते. नियमावल्या अधूनमधून सुधारल्या जातात, म्हणून पैसे भरण्याआधी चालू आवृत्ती बघून घ्या.

१. मी अजून एकही डायव्ह केलेली नाही. इन्स्ट्रक्टरपर्यंत किती पायऱ्या आहेत?

पॅडीत क्रम असा आहे: ओपन वॉटर (नवख्याचा पहिला कोर्स), अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर, रेस्क्यू डायव्हर, डायव्हमास्टर आणि मग इन्स्ट्रक्टर डेव्हलपमेंट कोर्स, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात. रेस्क्यूपर्यंत तुम्ही स्वतःसाठी आणि सोबतच्या बडीसाठी शिकता. डायव्हमास्टरपासून व्यावसायिक हद्द सुरू होते. डायव्हमास्टर प्रमाणित डायव्हर्सना पाण्यात फिरवून आणतो, कोर्समध्ये इन्स्ट्रक्टरला मदत करतो, पण नव्या माणसाला ओपन वॉटरचं कार्ड देण्याचा अधिकार त्याला नसतो.

आयडीसीचे दोन भाग असतात, असिस्टंट इन्स्ट्रक्टर आणि ओपन वॉटर स्कूबा इन्स्ट्रक्टर. त्यानंतर इन्स्ट्रक्टर एक्झामिनेशन, म्हणजे आयई. एसएसआय या दुसऱ्या संस्थेत डायव्ह गाइड, डायव्हमास्टर, असिस्टंट इन्स्ट्रक्टर अशी नावं आहेत आणि शेवटच्या कोर्सला इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग कोर्स म्हणतात. नावं बदलली तरी चढण तेवढीच.

२. पॅडी, एसएसआय, नाऊई, सीमास... यातलं "खरं", म्हणजे जगभर चालणारं कोणतं?

सगळीच खरी आहेत. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला एकच जागतिक परवाना देणारं सरकारी खातं अस्तित्वात नाही. सीमास ही संघटना १९५९ची, पॅडी १९६६ची, एसएसआय १९७०ची. प्रत्येकीने आपापली पद्धत बसवली. नंतर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने किमान पातळी ठरवून दिली. आयएसओ २४८०१ डायव्हर्ससाठी आहे आणि आयएसओ २४८०२ इन्स्ट्रक्टर्ससाठी. २४८०२चे दोन स्तर आहेत आणि नवख्याला स्वतंत्र डायव्हर बनवणारा पूर्ण इन्स्ट्रक्टर दुसऱ्या स्तरात येतो. मोठ्या संस्थांचे इन्स्ट्रक्टर कोर्स या चौकटीत बसतात, त्यामुळे "अमुक कार्ड बाहेर कुठेच चालत नाही" असं कोणी सांगितलं तर ते सहसा स्वतःचा कोर्स खपवायला सांगितलेलं असतं.

चालतं आणि नोकरी मिळते, यात मात्र फरक आहे. तो पुढच्या उत्तरात.

३. मग निवड करायची तरी कशावरून?

कार्डावरचा लोगो बाजूला ठेवा आणि आधी ठरवा: तुम्हाला कुठे, कोणाला आणि कोणत्या पाण्यात शिकवायचं आहे?

सुट्टीवर आलेल्या पर्यटकांना उबदार, स्वच्छ समुद्रात तीन-चार दिवसांचे कोर्स द्यायचे असतील तर पॅडी आणि एसएसआय यांच्यातच खरी निवड असते, कारण रिसॉर्टवरची सेंटर्स बहुतेक या दोघांची असतात. ज्या भागात काम करायचंय तिथल्या दहा-पंधरा सेंटर्सच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. कोणत्या संस्थेचा इन्स्ट्रक्टर मागतात, कोणत्या भाषा मागतात, बोटीचं किंवा कॉम्प्रेसरचं काम येतं का असं विचारतात का, हे लिहून काढा. तासाभराचं काम आहे, आणि ते न करताच कोर्सचे पैसे भरणारे खूप जण भेटतात.

पॅडी आणि एसएसआयमधला व्यवहारातला मोठा फरक स्वातंत्र्याचा आहे. पॅडीचा इन्स्ट्रक्टर वैयक्तिक सदस्य असतो. तो कोणत्याही सेंटरशी न जोडता स्वतः विद्यार्थी घेऊ शकतो, शिक्षणसाहित्य स्वतः विकत घेऊन कार्ड देऊ शकतो. एसएसआयचा इन्स्ट्रक्टर एखाद्या एसएसआय ट्रेनिंग सेंटरशी संलग्न असावाच लागतो आणि कार्ड सेंटरमार्फत निघतं. पुढेमागे स्वतंत्रपणे शिकवायचा विचार असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो. एखाद्या सेंटरमध्येच रुजायचं असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

४. नाऊई, बीसॅक, सीमास, जीयूई यांचा विचार कोणी करावा?

ज्याची शिकवण्याची जागा आणि वृत्ती त्यांच्याशी जुळते त्याने. नाऊई ही सदस्यांची, ना नफा तत्त्वावरची संस्था. तिचा पहिला इन्स्ट्रक्टर कोर्स १९६०मध्ये ह्यूस्टनला झाला. तिथे किमान निकष पाळून त्यावर इन्स्ट्रक्टरला आपली भर घालता येते. विद्यार्थ्याला पास करताना स्वतःला विचारायचं, याच्या भरवशावर मी माझ्या घरच्या माणसाला पाण्यात पाठवेन का? पॅडीत उलट आहे. नियमावलीत नसलेलं कौशल्य पास होण्याची अट म्हणून लादता येत नाही. काहींना हे बंधन वाटतं. मला ते नवख्या इन्स्ट्रक्टरसाठी संरक्षण वाटतं.

बीसॅक ही १९५३पासूनची ब्रिटिश क्लब-परंपरा. तिथे बहुतेक इन्स्ट्रक्टर हौसेने, बिनपगारी शिकवतात, आणि थंड, गढूळ, भरती-ओहोटीच्या पाण्यात तयार झालेले असतात. सीमासमध्ये इन्स्ट्रक्टरचे एक, दोन, तीन तारे असे स्तर आहेत आणि कार्ड त्या-त्या देशातल्या महासंघामार्फत मिळतं. क्लब किंवा विद्यापीठात शिकवायचं असेल तर हा रस्ता सरळ. जीयूईचा इन्स्ट्रक्टर व्हायला कस लागतो. ठरावीक काळाने पुन्हा पात्रता सिद्ध करावी लागते आणि धूम्रपान करणाऱ्याला तिथे जागा नाही. पोट भरण्यासाठी पहिलं कार्ड म्हणून ते सुचवणार नाही.

५. आयडीसीला बसायला नेमकं काय काय लागतं?

वय किमान १८. डायव्हमास्टर, किंवा दुसऱ्या संस्थेतली समकक्ष पातळी. प्रमाणित डायव्हर होऊन सहा महिने झालेले. आयडीसी सुरू करताना ६० आणि आयईला बसताना १०० नोंदलेल्या डायव्ह्ज. डॉक्टरने सही केलेला, १२ महिन्यांच्या आतला वैद्यकीय दाखला. गेल्या २४ महिन्यांतलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण. याशिवाय इन्स्ट्रक्टरचं कार्ड हाती पडण्याआधी प्रथमोपचार शिकवण्याची, म्हणजे ईएफआर इन्स्ट्रक्टरची पात्रताही घ्यावी लागते. बरीच सेंटर्स ती आयडीसीला जोडूनच घेतात. कोर्सच्या जाहिरातीत ती धरली आहे की वेगळी, हे आधी विचारा. शेवटच्या आठवड्यात वाढणारा खर्च बहुधा इथलाच असतो.

६. १०० डायव्ह्ज एकाच जागी केल्या तर चालतात का?

नियमाने आकडा भरतो, पण लॉगबुकात रात्रीच्या, खोल आणि नॅव्हिगेशनच्या डायव्ह्जचा अनुभव दिसावा लागतो. तरणतलावातला सराव यात धरत नाहीत.

नियम सोडा, सेंटरचा मालक लॉगबुक कसं वाचतो ते सांगतो. सगळ्या नोंदी १२ मीटर, ४५ मिनिटं, "छान दृश्यता, कासव दिसलं" अशा असतील तर तो मिटवून ठेवतो. एखाद्या पानावर "प्रवाह अंदाजापेक्षा जोरात, ठरलेल्या जागी बाहेर येता आलं नाही, एसएमबी (पाण्यावर दिसणारा खुणेचा फुगा) सोडून बोट बोलावली" असं दिसलं की तो थांबतो आणि प्रश्न विचारतो. वेगवेगळं पाणी, वेगवेगळी सामग्री, आपल्यापेक्षा कच्चा बडी, असं काहीतरी त्या शंभरांत असू द्या.

७. "झिरो टू हीरो" पॅकेज घ्यावं का? सहा महिन्यांत इन्स्ट्रक्टर करून देतात म्हणे.

नियमाच्या चौकटीत हे बसतं. प्रमाणित होऊन सहा महिने झाले की प्र. ५ मधली अट भरते. असे लोक आयई पासही होतात. अडचण नंतर येते. सहा महिन्यांत तुम्ही जे पाहिलंत ते एकाच सेंटरचं, एकाच ऋतूतलं असतं. घाबरून वर पळणारा विद्यार्थी कसा दिसतो हे फक्त नाटक म्हणून पाहिलेलं असतं.

माझा सल्ला: डायव्हमास्टर झाल्यावर निदान एक हंगाम त्याच पदावर काम करा. सिलिंडर वाहा, बोट धुवा, ब्रीफिंग द्या, चांगल्या इन्स्ट्रक्टरच्या मागे उभं राहून त्याचे डोळे कुठे असतात ते बघा. ज्यांना नोकरी सोडून तेवढा वेळ काढता येत नाही त्यांनी पॅकेजचे दोन तुकडे करावेत, डायव्हमास्टर एकदा आणि आयडीसी पुढच्या वर्षी. इंटर्नशिप "मोफत" असेल तर रोज किती तास शिकवणार आणि किती तास राबवणार, हे लेखी घ्या.

८. पोहायला जेमतेम येतं. जमेल का?

डायव्हमास्टरच्या टप्प्यावर कस लागतो. फिन्स वगैरे काही न वापरता ४०० मीटर पोहणं, १५ मिनिटं तरंगत राहणं, मास्क-फिन्स-स्नॉर्कल लावून ८०० मीटर आणि पूर्ण सामग्रीनिशी दमलेल्या डायव्हरला १०० मीटर ओढत नेणं. पोहण्याच्या आणि ओढण्याच्या प्रकारांना वेळेनुसार १ ते ५ गुण मिळतात. फ्रीस्टाइलच हवं असं नाही. चार-पाच महिने नियमित तलावावर गेलात तर जेमतेम पोहणारा माणूसही हे करतो. पाण्याची भीती असेल तर मात्र ती आधी घालवा, कोर्समध्ये ती लपत नाही.

९. दमा होता / कानाचं ऑपरेशन झालंय / वय ४८ आहे. वैद्यकीय दाखला मिळेल का?

मनोरंजनासाठी डायव्हिंग शिकणाऱ्याने प्रश्नावलीत सगळीकडे "नाही" लिहिलं तर सहसा डॉक्टरची सही लागत नाही. व्यावसायिक स्तरावर ती लागतेच, उत्तरं काहीही असोत. आपोआप फुप्फुस फाटून न्यूमोथोरॅक्स झाल्याचा इतिहास हा गंभीर अडथळा मानतात. दम्यात कोणता प्रकार, शेवटचा झटका कधी आणि चाचण्या काय सांगतात यावर निर्णय ठरतो. वयाची वरची मर्यादा नाही, पण पंचेचाळिशीनंतर हृदयाची बाजू जास्त बारकाईने तपासतात.

डायव्हिंग वैद्यकाची माहिती असलेला डॉक्टर शोधा, आणि हे काम डायव्हमास्टरचे पैसे भरण्याआधी करा. गर्भारपणात डायव्हिंग करू नये असाच सल्ला आहे, त्यामुळे तसा बेत असेल तर आयडीसी पुढे ढकला.

१०. आयईच्या दोन दिवसांत नक्की काय होतं?

परीक्षक पॅडीने पाठवलेला असतो. तुम्हाला शिकवणारा कोर्स डायरेक्टर गुण देत नाही. लेखी भागात सिद्धान्ताचे पाच विषय: भौतिकी, शरीरक्रिया, सामग्री, डीकम्प्रेशन सिद्धान्त व टेबलं, आणि कौशल्यं व पर्यावरण. प्रत्येकात ७५ टक्के लागतात. नियमावलीवरची परीक्षा वेगळी, ती पुस्तक उघडून द्यायची. मग वर्गातलं सादरीकरण, मर्यादित पाण्यातलं (तरणतलावासारख्या जागेत), खुल्या पाण्यातलं, कौशल्यांची प्रात्यक्षिकं आणि पृष्ठभागावर श्वास थांबलेल्या डायव्हरचा बचाव.

घाम फुटतो तो पाण्यातल्या सादरीकरणात. समजा तुम्हाला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात तो तोंडातला भाग) परत मिळवणं शिकवायचंय. तुमच्यासारखेच दोन उमेदवार "विद्यार्थी" झालेले असतात आणि परीक्षकाने त्यातल्या एकाला गुपचूप चूक करायला सांगितलेली असते. तो रेग्युलेटर तोंडातून काढतो, हात मागे नेऊन होज शोधतो, सगळं नीट करतो. फक्त ओठांतून बुडबुड्यांची बारीक रेघ निघत नाही. त्याने श्वास रोखलाय. हे तुम्हाला त्या दोन-तीन सेकंदांत दिसायला हवं, खुणेने थांबवायला हवं, ओठांकडे बोट दाखवून पुन्हा करवून घ्यायला हवं आणि वर आल्यावर त्याबद्दल बोलायलाही हवं. स्वतःचं प्रात्यक्षिक सुंदर करण्यात गुंतलेला उमेदवार नेमका इथे गुण गमावतो. सरावात सोबत्यांना चुका आधी न सांगता करायला लावा.

११. भौतिकीची धास्ती वाटते. शाळेत गणित कच्चं होतं.

बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येत असेल तर पुरतं. नेहमीच्या नमुन्याचं एक उदाहरण: समुद्रतळाशी १०० किलोची वस्तू आहे, ती ६० लिटर पाणी बाजूला सारते. तिला वजनशून्य करायला लिफ्ट बॅगेत किती हवा भरावी? समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन १.०३ किलो. ६० गुणिले १.०३ म्हणजे ६१.८ किलोचा आधार पाणीच देतं. उरले ३८.२ किलो. त्याला १.०३ने भागलं की सुमारे ३७ लिटर. गोड्या पाण्यात भागाकाराची गरजच नाही, कारण तिथे लिटरला एक किलो. प्रश्न नीट न वाचता समुद्र की तलाव हे विसरणारेच जास्त चुकतात.

१२. आयईत नापास झालो तर सगळं पुन्हा?

नाही. अडलेला भाग पुन्हा देता येतो, काही वेळा त्याच आयईत, नाहीतर पुढच्या. पुन्हा बसण्याची फी आणि वाढीव मुक्काम एवढं गृहीत धरून बजेट आखा.

१३. कोर्स डायरेक्टर कसा पारखायचा?

संस्था निवडण्यापेक्षा इथे जास्त वेळ घालवा. "आमचा निकाल १०० टक्के" ही जाहिरात मला काही सांगत नाही, कारण तयारीने गेलेले बहुतेक जण पास होतातच. विचारायचं हे: एका तुकडीत किती उमेदवार? पाण्यातले तास तुम्ही स्वतः घेता की सहायक? आयडीसीच्या आधी तयारीचे दिवस आहेत का? मागच्या दोन तुकड्यांतले लोक आज कुठे शिकवतायत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? शेवटच्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका.

जमल्यास त्याला एखाद्या नवख्या ओपन वॉटर विद्यार्थ्याबरोबर काम करताना बघा. उमेदवारांसमोर सगळेच छान बोलतात.

१४. पुढे एमएसडीटी लगेच करावं का?

पॅडीचा मास्टर स्कूबा डायव्हर ट्रेनर व्हायला पाच स्पेशल्टी, म्हणजे खास विषयांचे कोर्स, शिकवण्याची पात्रता आणि २५ विद्यार्थ्यांना दिलेली कार्डं लागतात. पहिला भाग विकत मिळतो, दुसरा कमवावा लागतो. म्हणून आयडीसीबरोबर पाचही स्पेशल्टी घेण्याची घाई नको. नायट्रॉक्स (जादा ऑक्सिजनची हवा) आणि डीप (खोल डायव्हिंग) जवळजवळ सगळीकडे खपतात; बाकीच्या त्या जागेवर ठरतात. रेक, म्हणजे बुडालेलं जहाज, नसलेल्या किनाऱ्यावर रेक स्पेशल्टी घेऊन करायचं काय?

१५. पास झाल्यावर दुसऱ्या दिवशी शिकवता येतं का?

संस्थेकडून मान्यता आली, सदस्यत्व चालू असलं आणि बऱ्याच ठिकाणी लागणारा व्यावसायिक दायित्व विमा असला तर संस्थेच्या बाजूने हो. देशाची बाजू वेगळी. परदेशात पैसे घेऊन शिकवायला कामाचा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर "थोडंसं" शिकवणं हेही बेकायदाच. फ्रान्समध्ये पगार घेऊन डायव्हिंग शिकवायला सरकारी पदविका लागते, नुसतं पॅडीचं कार्ड पुरत नाही. ब्रिटनमध्ये कामासाठीचं डायव्हिंग १९९७च्या नियमांखाली येतं आणि कामावरच्या इन्स्ट्रक्टरला वेगळी वैद्यकीय तपासणी लागते. सामान भरण्याआधी हे तपासा.

१६. इन्स्ट्रक्टरला बेंड्सचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतो का?

खोलीचा विचार केला तर नाही, वर-खाली होण्याचा केला तर हो. पॅडीच्या ओपन वॉटर कोर्समध्ये एका श्वासात, सतत श्वास सोडत ६ ते ९ मीटरवरून वर येण्याचा सराव असतो. विद्यार्थी तो एकदा करतो. इन्स्ट्रक्टर एका हातात दोरी, दुसऱ्यात विद्यार्थी धरून वर येतो, त्याला बोयाशी सोडतो आणि पुढच्यासाठी पुन्हा खाली जातो. चार विद्यार्थी, चार फेऱ्या. अशा करवतीच्या दात्यांसारख्या डायव्ह्जना डीकम्प्रेशनची गणितं फारशी मानवत नाहीत. साधारण दर चार प्रौढांत एकाच्या हृदयाच्या कप्प्यांमध्ये पीएफओ नावाची बारीक वाट उघडी राहिलेली असते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो; अशांना हा धोका आणखी जास्त.

म्हणून गट छोटा ठेवा, हा सराव दोन दिवसांत विभागा, त्यानंतर खोल डायव्ह लावू नका, पाणी पीत राहा. हंगाम संपवून घरी जाताना अनेक डायव्ह्जनंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबा. खरं तर इन्स्ट्रक्टरची नोकरी बेंड्सपेक्षा कानाच्या संसर्गाने जास्त वेळा अडते. सर्दी असताना मालकाला "आज नाही" म्हणता येणं हेही या कामात शिकावं लागतं.

१७. डायव्हमास्टर एसएसआयचा आहे आणि आयडीसी पॅडीचं करायचंय. किंवा उलट. चालेल?

चालतं. समकक्ष पातळी मान्य होते, प्र. ५ मधल्या बाकी अटी तशाच. दुसऱ्या संस्थेची कौशल्यांची यादी, टेबलं आणि शब्दप्रयोग वेगळे असतात, म्हणून तयारीचे काही दिवस जादा धरा आणि त्या संस्थेच्या एखाद्या चालू कोर्सला आधी बसून घ्या.

१८. आधीच इन्स्ट्रक्टर आहे. क्रॉसओव्हरला (दुसऱ्या संस्थेत जायला) पूर्ण कोर्स करावा लागतो का?

सहसा नाही. दुसऱ्या संस्थेतल्या, सदस्यत्व चालू असलेल्या इन्स्ट्रक्टरला छोटा मार्ग मिळतो. पॅडीत थेट आयडीसीच्या दुसऱ्या भागात प्रवेश मिळू शकतो, पण आयई चुकत नाही. दोन संस्थांचं सदस्यत्व एकाच वेळी ठेवता येतं. मात्र दोन्हीची वार्षिक फी दरवर्षी येते, तेव्हा दुसरं कार्ड नोकरीची संधी समोर दिसल्यावरच घ्या.

१९. मी कमर्शियल डायव्हर आहे / नौदलात डायव्हर होतो / फ्रीडायव्हिंग शिकवतो. सूट मिळेल?

पाण्यातली सवय कामी येते, इन्स्ट्रक्टरची पात्रता मिळत नाही. या तिन्ही ठिकाणी शिकवण्याची पद्धत, सामग्री आणि जबाबदारी निराळी असते. अनुभव दाखवून खालच्या एखाद्या पायरीत सवलत मिळते का, ते संस्थेच्या प्रादेशिक कार्यालयाला लॉगबुकासह विचारा. सेंटरच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कमर्शियल डायव्हर्सना एक गोष्ट जड जाते: काम संपवण्याची सवय असलेल्या माणसाला घाबरलेल्या विद्यार्थ्यापुढे नुसतं थांबून राहणं अवघड जातं.

२०. तीन वर्षं फी भरली नाही. मी अजून इन्स्ट्रक्टर आहे की नाही?

पात्रता पुसली जात नाही, शिकवण्याचा अधिकार थांबतो. या काळात कोर्स घेतलात तर कार्ड निघणार नाहीत, आणि अपघात झाला तर विमा तुमच्या मागे उभा राहणार नाही. परत यायला थकबाकी किंवा नवी फी, ताजा वैद्यकीय दाखला, ताजं सीपीआर आणि नव्या नियमांची उजळणी मागतात. खंड लांबला असेल तर कोर्स डायरेक्टरसमोर पाण्यात पुन्हा काही करून दाखवावं लागतं. इतक्या वर्षांत स्वतः पाण्यात उतरला नसाल तर अर्ज करण्याआधी एखाद्या ओळखीच्या इन्स्ट्रक्टरबरोबर साध्या डायव्ह्ज करून घ्या, आणि रेग्युलेटर सर्व्हिसला द्या.